जुन्या बॉयलरसह घराची वाटणी

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, कॉन्सेप्टा टिअर्नी, दिवंगत मॅलकी टिअर्नी यांची पत्नी, वय ७४, व्यवसाय घरकाम, राहणार किलअर्डन, काउंटी रॉसकॉमन, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दोन्ही मुलांचा होता, पण तो एकमेकांविरुद्ध असल्यामुळे वजावट होऊन शून्य उरतो. मी मॅट्रिक आहे. वकिलांनी शुद्धलेखन तपासावे, मजकुराला हात लावू नये.

१. शवपेटी साधी असावी, पितळी मुठी नकोत. माझ्या आत्म्यासाठी फादर ज्या प्रार्थना म्हणतील, त्या मिस्सांसाठी रक्कम वेगळी काढली आहे. दफनानंतरच्या जेवणात हॅम ठेवावे, पण पातेले शेजारच्या फिलोमिना स्केहिलकडून आणू नये. ती परत घेताना ते उजेडात धरून बघते.

२. मॅलकीचे पाने, पकडी आणि पाइप कापायची करवत डिनी ग्रीली याला द्यावी. आमचा बॉयलर आजवर त्यानेच जिवंत ठेवला आहे.

३. आता बॉयलरविषयी, कारण घराचा प्रश्न तिथेच अडला आहे. तो परसातल्या खोपटात असून रॉकेलवर चालतो आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून सगळे घर गरम ठेवतो. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मॅलकीने विचारले होते, "दागिना हवा की ऊब?" मी ऊब मागितली. बहिणींनी मला वेड्यात काढले. त्या अजून अंगठ्या घालून कुडकुडतात.

यंदा उपवासकाळात स्टेशनच्या मिस्सेची, म्हणजे फादर चर्चऐवजी एकेका घरी येऊन वाडीसाठी करतात त्या मिस्सेची, पाळी आमच्याकडे होती. पाळी आली की वाडीतले कोणतेही घर भिंती रंगवते, पडदे बदलते, गोठ्यालासुद्धा चुना लावते. मीही लावला. बॉयलरकडे बघायचे कोणालाच सुचत नाही, कारण फादर खोपटात जात नाहीत. मिस्सा अर्ध्यावर आली आणि बॉयलर बंद पडला. फादर कोलम यांच्या तोंडून प्रार्थनेबरोबर वाफ निघू लागली. शांतीसाठी हात मिळवायची वेळ आली तेव्हा लोक एकमेकांचे हात सोडेनात. फिलोमिना मोठ्याने म्हणाली, "भिंतींचा रंग मात्र छान आहे हो, कॉन्सेप्टा." त्याबद्दल मी तिला क्षमा केली आहे, याची नोंद असावी.

डिनीने तो पुन्हा चालू केला आणि मला बाजूला घेतले. "मिसेस, दुरुस्ती करत राहीन. पण यापुढे पाना मी लावायचा आणि माळ तुम्ही जपायची. नवा घ्याल तर दोघांचीही सुटका."

४. मी मुलांना विचारले. फर्गस म्हणाला, "आहे तो चालेल की, आई." अट्रॅक्टा म्हणाली, "नवाच घे, जिवाला कशाला घोर?" पुढे ईस्टरला मी सहज सांगितले की घर फर्गसला आणि बँकेतली शिल्लक अट्रॅक्टाला द्यायचा विचार आहे. त्या दिवसापासून फर्गसला जुना बॉयलर धोकादायक वाटू लागला, आणि अट्रॅक्टाला त्यात बापाची आठवण दिसू लागली. दोघांचे बोलणे बंद झाले. एकमेकांचे निरोप माझ्याकडून जायचे, फोनचा खर्च माझा.

गेल्या रविवारी जेवताना मी म्हटले, "मी बदललंय. घर अट्रॅक्टाला, शिल्लक फर्गसला."

बटाट्याचे ताट फिरून परत येईपर्यंत अट्रॅक्टा म्हणाली, "तसा तो बॉयलर फारच जुना झालाय."

"जुनं ते सोनं असतं, ताई," फर्गस म्हणाला. "डिनी आहे ना."

"तूच म्हणालास ना, स्फोट होईल म्हणून?"

"ते मी आईला म्हणालो होतो. तुझ्याशी तर मी बोलतच नव्हतो."

५. सबब जाहीर करते, आणि हेच अखेरचे समजावे: घर दोघांचे निम्मे निम्मे, शिल्लक दोघांची निम्मी निम्मी. हे मी तिथेच, पुडिंग वाढता वाढता सांगितले आणि पुन्हा विचारले, "आता सांगा. दुरुस्त करू की नवा घेऊ?"

दोघांनाही काही मतच उरले नाही. मग फर्गसने विचारले, "आई, तुला गार वाटतं का गं?"

ईस्टरपासून हे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "तुझ्या बापाचा ओव्हरकोट घालून मी भांडी घासते, ती काय हौस म्हणून?" अट्रॅक्टाने चमचा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "नवा घे, आई. आमच्या हिश्शातून घे." फर्गसने मान हलवली. ते पैसे अजून माझे आहेत, ही चूक मी त्या वेळी दुरुस्त केली नाही.

६. नवा बॉयलर सांगून ठेवला आहे. डिनी तो ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांच्या, आधी बसवील. शिल्लक म्हणजे त्याचे बिल चुकते झाल्यावर जे उरेल ते. कमी वाटल्यास मुलांनी तक्रार रेडिएटरला हात लावून करावी.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायची कोणी घाई करू नये. नव्या बॉयलरची हमी दहा वर्षांची आहे, आणि पैसे भरून घेतलेली वस्तू वाया घालवायची माझी पद्धत नाही.

मिस्सांचे पैसे फादरना आणि हत्यारे डिनीला जात असल्यामुळे दोघेही साक्षीला चालत नाहीत, असे वकील म्हणतात. म्हणून ज्यांना यातून काहीही मिळणार नाही, अशा पुढील दोघांसमक्ष सही करते.

(सही) कॉन्सेप्टा टिअर्नी

साक्षीदार:
(सही) फिलोमिना स्केहिल, शेजारीण (कलमे १ व ३ वाचू दिलेली नाहीत)
(सही) इग्नेशस मोरन, टपालवाला

स्थळ: किलअर्डन, स्वयंपाकघर
दिनांक: १५ ऑक्टोबर २०१९, संत तेरेसाचा सण