छाप चुकलेली शिवराई

४ मार्च २००६, ट्रॉय
आजपासून नाणी. गिटार, बागकाम, स्पॅनिश हा सगळा वॉर्मअप होता. लग्नात उल्काच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दोन शिवराया दिल्या होत्या. तांब्याची जुनी नाणी. एक तिला, एक मला. तिच्या नाण्यावर 'श्री राजा शिव' अख्खं, पाटीवर गिरवल्यासारखं. माझ्या नाण्यावर 'श्री' गायब, 'राजा' अर्धा, काठ एके जागी चपटा. नेटवर वाचलं की मान असतो तो चुकलेल्या नाण्याला. बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. चुका शोधणं माझ्या रक्तातच आहे. (उल्का म्हणाली, करणंही.)

११ मार्च
लायब्ररीतल्या कॉइन क्लबला गेलो. डॉनल्ड भेटला. चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकायचे साचे बनवून रिटायर झालाय. म्हणाला, साचा झिजला की अक्षरं जाड आणि पसरट उठतात, नाणं झिजलं की अक्षरांचे माथे जातात, गल्लत करू नकोस. मला माहीत होतंच. फक्त उलटं.
निश्चय: रोज सकाळी सहाला उठून एक तास भिंगाखाली अभ्यास. फोटोंसाठी कॅमेऱ्याचं स्टँड आणलं.

१२ मार्च
आठला उठलो. स्टँडचा स्क्रू ढिला. अभ्यास कॅन्सल केला.

२५ मार्च
डॉनल्डला माझी शिवराई दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, जपून ठेव, सासऱ्यांनी दिलीय. जळफळाट लपत नाही माणसाचा! मग उल्काची दाखवली. त्याला भिंग खाली ठेववेना. एकही चूक नाही म्हटल्यावर बिचारा किती निराश झाला असेल. दया आली, देऊन टाकली. दोनदा विचारलं त्याने, नक्की? बायकोला विचारलंस? म्हटलं, आमच्यात एवढं विचारत नाहीत.
उल्काला योग्य वेळी सांगीन.

८ एप्रिल
योग्य वेळ आली नाही. अण्णा मे अखेरीस येताहेत. डबीत एकच शिवराई कशी, असं उल्काने विचारलं. रिसर्चला घेतलीय म्हटलं. तसं खोटं नाही.

२० मे
क्लबचं प्रदर्शन. माझ्या टेबलावर बोर्ड: 'जगातली एकमेव चुकलेली शिवराई'. परीक्षक बाई हसल्या. साचा मोठा, तांब्याची चकती लहान, वर हाताने हाणलेला हातोडा, त्यामुळे बहुतेक शिवरायांची अक्षरं अशीच कापलेली असतात म्हणे. अख्खी मिळणं दुर्मीळ. एवढं बोलून त्या डॉनल्डच्या टेबलाकडे वळल्या. पहिलं बक्षीस. खाली कार्ड: 'मित्र मोरेश्वर यांची भेट'.
उल्काने ते कार्ड वाचलं.
गाडीत ती एवढंच म्हणाली, माझा जन्म झाल्यापासून अण्णा अख्खी शिवराई शोधत होते, लग्नाच्या आदल्या वर्षी मिळाली. मला स्वतःची लाज वाटली. इतकी यापूर्वी वाटल्याचं आठवत नाही.

२१ मे
निश्चय: उद्याच डॉनल्डकडे जाऊन परत मागायची. भाषण लिहिलं. तीन पानं झाली.

२७ मे
गेलो नाही. अण्णा काल आले, आज डॉनल्ड स्वतःच आला. शिवराई बक्षिसाच्या रिबनसकट उल्काच्या हातात ठेवली. म्हणाला, प्रदर्शनापुरतीच ठेवून घेतली होती, मोरेश्वरने तुला विचारलं नसणार हे मला दिसत होतं. उल्का रडली. अण्णा आणि तो भिंग घेऊन दोन तास बसले. जुने मित्र वाटावेत. मी चहा केला.
शेवटी धीर करून माझीही पुढे केली. काठ चपटा आहे, ती तरी टांकसाळीची चूक असेल ना? अण्णा म्हणाले, नाही हो जावईबापू, ट्रान्झिस्टरचे स्क्रू पिळायला वापरायचो ती. चांगली मुलीला दिली, उरली ती तुम्हाला.
उल्काने तिची शिवराई डबीत ठेवली, डबी कपाटात, आणि कपाटाला कुलूप घातलं. माझी टूलबॉक्समध्ये टाकायला गेलो. जाता जाता स्टँडचा स्क्रू पिळून बघितला.
पहिल्या फटक्यात घट्ट बसला.