दुसरी हाक

अब्बा, यंदा आपली होडी वर घ्यायला मी निघाले होते. तुम्ही हसाल. तुमच्यामागे ती शेजारच्या चाचांचा मुलगा चालवायचा, पण तो आता जयगडला बंदरात नोकरीला लागला. भाऊ दुबईला. पाऊस तोंडावर आला तरी होडी आपली पाण्यातच डुलत होती.

तुमच्या वेळी हे किती सोपं होतं! उताराच्या टोकाशी उभं राहून तुम्ही एकदाच ओरडायचात, "होडी वर घेताव रे!" आणि ज्याच्या कानावर पडेल तो हातातलं टाकून यायचा, आदल्या दिवशी तुमच्याशी भांडलेलासुद्धा. आई पहाटेपासून घावनं काढत बसलेली, आणि मी चहाचा टोप सांभाळत दगडांवरून खाली येतेय. एकदा माणसांना उशीर झाला म्हणून मीच पुन्हा ओरडले, तर तुम्ही मला दटावलंत. "दुसरी हाक मारायची नाय! आपली मानसां हायत, येतील." मला रडू फुटलं, आणि तेवढ्यात माणसं आलीसुद्धा.

आता तो उतार मोडून सिमेंटचा रुंद रॅम्प करायचं घाटतंय. होड्या ओढायला मशीन, बाजूला पर्यटकांच्या बोटी, बसायला बाकडी. त्यावरून गावात अशी फूट पडली आहे की लग्नाच्या जेवणालाही लोक बाजू बघून बसतात. मी विरोधात होते. सभेत ताडकन उठून म्हणाले, मशीन कशाला, एक हाक मारली की माणसं येतात. चाचा रॅम्पच्या बाजूचे. ते म्हणाले, "कोन येनार हाय गो? पोरां सगली भायेर. मार हाक नि बघ." लोक हसले. मला ते फार झोंबलं.

म्हणून परवा भरतीला गेले. आईच्याच बिडाच्या तव्यावर घावनं केली होती. होडी उतारापाशी लावली, दोर बांधला, ओंडके तेल लावून मांडले आणि हाक मारली. अब्बा, कोणीच आलं नाही. रागाने म्हणावं तर रागावलेला माणूस निदान दारात येऊन बघतो. वरच्या अर्ध्या घरांना कुलपं, उरलेल्यांत म्हातारी माणसं. पाणी उतरायला लागलं. इतकं एकटं मला तुम्ही गेलात त्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी दुसरी हाक मारली.

त्यावर चाचा आले, गुडघा धरत. टोमणा मारला नाही. तुमच्या जागेवर जाऊन त्यांनी दोर धरला. आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढलं, होडी जागची हलली नाही. मग तिथेच बसून गार घावनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आणून होडी वर घेतली, आणि कालच्या सभेत मी रॅम्पसाठी हात वर केला. माझ्या बाजूचे आता माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्या बाजूचे आधीपासूनच बोलत नव्हते.

हे पत्र जाणार कुठे, म्हणून खरं लिहिते. घावन खाताना चाचांनी विचारलं, "दुसरी हाक कोनाला मारलीस?" मी म्हटलं, गावाला. त्यांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांना नीट ऐकू आलं असणार. त्या हाकेत होडीचं नावच नव्हतं. मी नुसतं 'अब्बा' म्हणून ओरडले होते.