सहावा क्रमांक आणि त्रेसष्ट पोस्टकार्डं

मी, तुळसा धोंडू परब, वय चोवीस, राहणार लालबाग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, बिघडलंय ते अपेंडिक्स. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे, पण पोट माझं आहे.

आधी दुरुस्ती. चार मार्चच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझा थोरला भाऊ चंदू याच्या 'चौथी पाळी' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा दुसरा अल्बम श्रोत्यांनी देशाच्या यादीत सहावा आणला. चूक. तो मी आणला.

ती यादी एक मासिक वाचकांच्या पोस्टकार्डांवरून ठरवायचं. पहिला अल्बम यादीत आलाच नाही, दादा दोन दिवस जेवला नाही. दुसरा आला तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता, सगळी चाळ घरीच. मी त्रेसष्ट पोस्टकार्डं लिहिली (चौसष्टावं भिजलं) आणि सह्या घेत फिरले. युनियनच्या अर्जांची सवय; काशीबाईंनी न विचारता अंगठा उठवला, मागोमाग अकराजणांनी. नंतर काशीबाई म्हणतात, "ह्या गाण्यासाठी गो? पाणी भरून झाला तरी संपना नाय ता!" कुशाबांनी तर सहीखाली 'संप चालूच राहील' असंही लिहिलं. मासिकाने तेही मत धरलं.

तिसरा अल्बम यादीतून गायब झाला. दादा म्हणतो, लोकांची अभिरुची ढासळली. खरं म्हणजे मतदार कोकणात गेले होते.

शिलाई मशीन आईला.

तिन्ही कॅसेटी आनंदीबाईंना. "ऐकल्याशिवाय सही कशी देऊ?" असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच. आता ऐका.

सहावा क्रमांक मात्र दादाला देता येत नाही, तो त्याचा नाहीच. माझगावच्या गोदीत त्याच्यासाठी रंगाऱ्याची जागा आहे, वीस तारखेपर्यंत हजर व्हायचंय. दादा म्हणतो, "देशात सहावा आलेला माणूस बोटीला रंग फासत नाही, तुळशे." बाबांची गिरणी गेली, घर माझ्या शिवणावर चालतंय. बाबांनीच मला घरी अक्षर शिकवलं: आधी मोज, मग लिही. मी आधी लिहिलं.

हे माझ्या मागे वाचलं जावं असं ठरवलं होतं. पण ऑपरेशन खरंच किरकोळ निघालं तर? मी वाचेन, हा कागद बंदच राहील आणि दादाची नोकरी हातची जाईल.

साक्षीदार: कुशाबा (सही, घोषणेशिवाय). काशीबाई (अंगठा, या वेळी सगळं ऐकून घेऊन).

तुळसा धोंडू परब
लालबाग, शुक्रवार, १५ मार्च १९८५

वाचन: दादासमोर, मी जिवंत असताना, सकाळचा चहा झाल्यावर, रविवार, १७ मार्च १९८५.