माझ्यासाठी बोलणारा फोन

३ ऑगस्ट, रवि.
ऑपरेशनला चार महिने झाले. नांदेडच्या डॉ.नी गळ्यातली आवाजाची पेटीच काढली. तंबाखू, दुसरं काय. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बावीस वर्षं सौदा पुकारला, सोयाबीनच्या ढिगाजवळ उभं राहून. आता घरात हाक मारता येत न्हाई. वही-पेन घेऊन हिंडून राहिलो. लोक वाकून वाचतात, तोवर दुसराच विषय निघतो.
पोरगा बालाजी म्हणाला, "बाबा, फोनवर लिहा. फोन मोठ्यानं वाचून दाखवतो." त्याचा जुना फोन दिला.

५ ऑगस्ट
अर्धा दिवस कीबोर्डात गेला. 'सोयाबीन' जमलं. 'प्रकृती' न्हाई. अक्षरं मुंगीएवढी. धान्य हाताळून माझी बोटं खरबरीत, काचेला कळतच न्हाईत. 'क' दाबला की 'ख'. वर आवाज बाईचा. मोंढ्यातला दोस्त सत्तारभाई म्हणाला, "हाव का, आता भाभी बोलून राहिल्या!" सगळे हसले. मीपण हसलो. म्हणजे तोंड हललं.

१० ऑगस्ट, रवि.
पोरगी सरिता, तिला बघायला शिरूर अनंतपाळचे पाहुणे. माणसं बरी. मुलगा बँकेत. त्याची आई म्हणाली, "लग्नानंतर नोकरी कशाला? घरातच लई काम हाय."
सरिता लातूरला दवाखान्यात नर्स. चार वर्षं झाली.
मी लिहायला घेतलं. 'हे तिला विचारा.' एवढंच. फोन अडकला. गोल फिरून राहिला. तेवढ्यात बालाजी म्हणाला, "होईल की ते, मावशी. काय अडचण न्हाई." फोन बोलला तेव्हा पाहुणे दारात चपला घालत होते. कुणी ऐकलं न्हाई.
पुढच्या रविवारी पक्कं कळवायचं.

११ ऑगस्ट
बालाजीशी भांडण. भांडण कसलं, तो बोलला आणि मी फोन आपटला. काच गेली. "बाबा, असं स्थळ परत यायचं न्हाई!" सौ. मधी पडली. सरिता पहाटेच्या एसटीनं ड्युटीला गेलेली. तिच्या मनात काय, बालाजीला माहीत न्हाई. मलाही न्हाई. चार वर्षं झाली, विचारलंच कुठं...

१४ ऑगस्ट
लातूर. सरिता दुपारी सुटली. दोघं मोबाईलच्या दुकानात. दुकानातल्या बाईनं विचारलं, "काका, कॅमेरा कसा पाहिजे?" सरितानंच सांगितलं, "कॅमेरा राहू द्या. अक्षर मोठं पाहिजे, अडकायला न्हाई पाहिजे, पडला तर टिकला पाहिजे."
बाईनं सहा मांडले. बोटानं काचेवर लिहायची सोय दाखवली, पाटीवर लिहितो तसं. लहान काचेवर ओळ मावेना. सगळ्यांवर मी एकच वाक्य लिहून बघितलं. चौथ्यानं माझं बोट ओळखलं, अक्षरही. बाईनं त्यात पुरुषाचा आवाज लावून दिला. फोन दुकानभर बोलला, 'नोकरी सोडायची का, हे सरिताला विचारा.'
सरिता बघतच राहिली. "त्या दिवशी हेच लिहून राहिले होते का तुम्ही?"
मी हो म्हणून मान डोलावली. ती कव्हरं चाळायला लागली. लई वेळ. जाड रबरी घेतलं.

१६ ऑगस्ट, शनि.
सरिता सुट्टी घेऊन आली. उद्या कळवायचं. बालाजी सकाळपासून मागं. "आजच हो सांगून टाकतो, बाबा, उगीच लोकांना ताटकळत..." मी 'थांब' लिहिलं. फोन लगेच बोलला. बालाजी थांबला! चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या बोलण्याच्या मधी बोललो.
मग फोन सरितासमोर धरला. 'तुला काय वाटतं, पोरी?'
तिला तोंडानं सांगता आलं असतं. तिनं फोनच हातातून घेतला. लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. बालाजी वाकून बघायला लागला तशी फोन घेऊन गच्चीवर गेली.
चार वाजले. सौ.नं दोनदा चहा गरम केला. सरिता अजून खाली आली न्हाई.