अण्णांच्या वडिलांच्या नावाचा पतंग

लातूर, ९ मार्च
नळ आजही कोरडा. गाजर गवत मात्र हिरवंगार, दुष्काळ बाधतच न्हाई त्याला. त्याच्या देठाच्या गाठीतून पतंग निघाला. राखी, नखाएवढा. मी अजून पंख पसरून वाळवतच होते, तर प्राचार्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना, अण्णांना सांगूनही टाकलं : आपल्या जिल्ह्यात नवी जात सापडली! बाजारात तुरी...

१४ मार्च
नाव ठरलं म्हणे. अण्णांच्या वडिलांचं. मंडप, शाल, पत्रिका छापायला गेल्या. ओळख पटायच्या आधी बारसं! प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, तुमच्या कायम नोकरीच्या ऑर्डरवर सही अण्णांचीच असते, बाई. डोकं फिरलं.

१९ मार्च
नर पतंगाचं पोट पोटॅशच्या पाण्यात उकळून टोकाचे अवयव सोडवले, स्लाइडवर घेतले. रंगावर काही कळत न्हाई, जात ठरते ती आतल्या अवयवांवरून. छापील आकृतीशी ताडलं, तंतोतंत. अमेरिकेतली जुनी जात, नाव कधीचंच पडलेलं. प्राचार्यांना सांगितलं. म्हणाले, पत्रिका वाटून झाल्या. काय बोलावं या माणसाशी!

२५ मार्च
याच पतंगाच्या काही अळ्या कारळ्याच्या कुंडीत सोडल्या होत्या. कारळं तेलबियांचं पीक, पण गाजर गवताच्याच कुळातलं म्हणून. माझ्या प्यायच्या घागरीतलं पाणी घालून रोपं जगवली. आज त्यांच्या देठालाही गाठी. शिरल्याच की मेल्या आत! हे शेतात गेलं तर...

२६ मार्च
थेट अण्णांच्या आडतीच्या दुकानावर गेले. सगळं सांगितलं. ते हिशेब बघत हं हं करत बसले. शेवटी बोलले मी, "अण्णा, ही अळी उद्या कारळ्यात पडली तर लोक तुमच्या वडलांचं नाव घेऊन शिव्या देतील."
अण्णांनी वही मिटली. मग, "बरं झालं सांगितलंस, बाई."
सुटले, वाटलं. येडीच मी.

२८ मार्च
प्राचार्य हसत आले. मंडप तोच, पाहुणे तेच, जातही नवीनच म्हणून सांगायची. फक्त, "अण्णा म्हणतात, शोध बाईंचा, तर पतंगाला नाव बाईंचंच द्या." कायम ऑर्डरवर सही झाली, उद्या शालीसोबत हातात देणार.
अंगाची आग झाली. खोटं मीच बोलायचं अन् शिव्याही मीच खायच्या! त्या अवयवांची स्लाइड पर्समध्ये घातलीय. उद्या माईकसमोर...
संध्याकाळी कंधारहून बापू आले. प्राचार्यांनी परस्पर निरोप धाडलेला. पोरीच्या नावाचा पतंग निघाला म्हणून एसटीत सगळ्यांना सांगत आले. नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसणार म्हणतात. त्यांना अजून काही बोलले न्हाई.