एका फोडीचं गणित

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, ते बरंच आहे. तोंडाने बोलले असते तर मी नक्कीच सारवासारव केली असती. मला तू ओळखतोसच.

विमानाच्या इंजिनाची आपली चकती, जिच्या कडेला पाती बसतात, ती चाचणीत फुटली हे तुला माहीत आहे. तुला कामावरून घरी बसवल्यानंतर आम्ही तिचे तुकडे जुळवले. समतोल साधायला कडेचा धातू एका जागी खरवडला होता, भेग तिथूनच निघालीय. तो तुकडा हातात घेतला आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तू हेच म्हणत होतास. मी नेहमीसारखी चकतीची एकच फोड घेऊन ताण काढला होता. संत्र्यासारख्या सगळ्या फोडी सारख्या, मग एकीचं गणित सगळ्यांना लागू. खरवडलेली फोड बाकीच्यांसारखी नाही, तिचा ताण वेगळा काढायला हवा, एवढंच तू बैठकीत शांतपणे मांडलंस. तपासणं हे तुझं कामच होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ताई झाले. "तुला पाढे मी शिकवलेत, आता मला शिकवू नकोस," म्हणाले. सगळे हसले. तुझे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे, आणि तू आक्षेप मागे घेतलास. घरी आल्यावर हा किस्सा मी आईला फुशारकीने सांगितला. ती हसली नाही. तू जेवायला का आला नाहीस ते आता कळलं, एवढंच म्हणाली.

नंतर सगळं तुझ्यावरच शेकलं. तपासणाऱ्यानेच आक्षेप मागे घेतला होता, असं साहेबांनी चौकशी समितीला सांगितलं आणि मी शेजारच्या खुर्चीत मूग गिळून बसले. चकती फुटली त्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

आता समितीने माझा जबाब मागितलाय. ऑफिसच्या भाषेत लिहायला बसले की दर वेळी 'चर्चेअंती आक्षेप मागे घेण्यात आला' असंच वाक्य उतरतं, आणि त्यात मी कुठेच नसते. म्हणून तुला लिहायला घेतलं. उद्या समितीपुढे जबाब म्हणून हेच पत्र ठेवणार आहे, एकही शब्द न गाळता. त्यांच्या आधी तू वाचावंस म्हणून आजच पाठवतेय. काही चुकलं असेल तर तपासून सांग. या वेळी मी ऐकेन.

तुझीच,
ताई