दहीभात आणि सॅमन

बाबा, ज्यूरी आत जाऊन बसली त्याला आज तिसरा दिवस. इथं कॅनडात, व्हिक्टोरियाच्या याच कोर्टात, वकिलांच्या याच खोलीत तुम्हीही निकालाची वाट बघत बसायचात. माझ्या अशिलावर भागीदाराच्या खुनाचा आरोप आहे. बाहेर टीव्हीवाले उभे आहेत आणि मी आत तुम्हाला हे लिहीत बसलेय.

तुमचा तो गाजलेला बोटीवरच्या खुनाचा खटला सारखा आठवतो. तुम्ही त्या माणसाला सोडवलंत, पेपरात पहिल्या पानावर फोटो आला, आणि शनिवारी तो स्वतः भलामोठा सॅमन घेऊन आपल्या दारात हजर. आईनं कोकम घालून झकास कालवण केलं. मी बारा वर्षांची, आगाऊ. पानं वाढल्यावर विचारलं, "बट बाबा, डिड ही डू इट?" तुमचा हात ताटावर थांबला. "या टेबलावर तो प्रश्न नाही! क्लायंटलासुद्धा मी तो कधी विचारत नाही. क्राउनला, म्हणजे सरकारी पक्षाला, काय प्रूव्ह करता येतं, तेवढंच आपण बघायचं. कळलं?" आवाज इतका चढला की आईनं डाव खाली ठेवला. मग मासा म्हटलं की जीव टाकणारे तुम्ही, पोट बरं नाही म्हणत दहीभात खाऊन उठलात.

वकील झाल्यावर वीस वर्षं मी तुमचा तो नियम पाळला. गेल्या महिन्यात मात्र तुरुंगातल्या भेटीत तोंडून प्रश्न निघूनच गेला. माझा अशील टेबलाकडे बघत म्हणाला, "येस. आय डिड." झालं! 'मी तेव्हा घरी होतो' अशी साक्ष तो देणार होता. खोटं आहे हे कळल्यावर त्याला उभं कसं करणार? ज्यूरीतली बाराही माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि मला सांगावं लागलं, बचाव पक्षाचा साक्षीदार नाही. इतका राग आला स्वतःचा. तुमचाही आला. तुम्हाला काही ठाऊक नसायचं म्हणून तुमचं बरं चाललं, असं वाटलं. मग तो दहीभात आठवला. न विचारताही तुम्हाला कळलेलं होतं, बाबा. माझा अशील सुटावा असं मला वाटतंय आणि सुटला तर काय, याची भीतीही वाटतेय.

यात अशिलानं विश्वासानं सांगितलेलं आलंय, म्हणून हा कागद श्रेडरमध्येच जाणार. ज्युनियर दारात येऊन म्हणतेय, "दे आर बॅक." गाऊन चढवते.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही उठून गेल्यावर तुमच्या वाटणीची तुकडीही मीच खाल्ली. फार चविष्ट होती.